एक विकर कमी पडते तेव्हा

डॉमिनिकन रिपब्लिकच्या नैर्ऋत्य भागात सालिनास नावाचे गाव आहे. तिथल्या काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या अशी बाळे जन्मत, जी मुलीसारखी दिसत आणि मुली म्हणूनच वाढत. बाराव्या वर्षाच्या आसपास मात्र त्यांचा आवाज फुटे, स्नायू भरत, शिश्न वाढे आणि वृषणे खाली उतरत. गावाला हे सवयीचे होते. त्यामागचे कारण १९७४मध्ये ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडले.

या मुलांची गुणसूत्रे एक्सवाय होती, वृषणे होती, रक्तात टेस्टोस्टेरॉनही पुरेसे होते. कमतरता होती ती ५-अल्फा रिडक्टेज या विकराची. टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजेच डीएचटी, तयार करणे हे त्याचे काम.

सुरुवातीच्या आठवड्यांत सर्व गर्भांची बाह्य जननेंद्रिये सारखीच असतात. एकाच उंचवट्यापासून शिश्न किंवा शिश्निका घडते, एकाच घड्यांपासून वृषणकोश किंवा भगोष्ठ. साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यात डीएचटी मिळाले, तर घडण पुरुषाची होते.

टेस्टोस्टेरॉन आणि डीएचटी या दोघांचा रिसेप्टर, म्हणजे त्यांना धरून पेशीत संदेश पोचवणारे प्रथिन, एकच. डीएचटी त्याला घट्ट धरून राहते, त्यामुळे थोडेसेही पुरते. टेस्टोस्टेरॉन लवकर सुटते. वृषणाला लागून असलेल्या नलिकांना ते भरपूर मिळते, म्हणून शुक्रवाहिनी नीट तयार होते. बाह्य अवयवांचे मात्र डीएचटीवाचून अडते. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण एकदम वाढते आणि तेव्हा हाच रिसेप्टर त्याला प्रतिसाद देतो. रिसेप्टरच पूर्णपणे निकामी असेल, तर टेस्टोस्टेरॉन कितीही असो, एक्सवाय गुणसूत्रांचे शरीर बाहेरून स्त्रीचेच राहते.

सालिनासच्या या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते आणि त्यांना टक्कल पडत नाही. हेच विकर रोखणारे फिनास्टेराइड हे औषध अमेरिकेत १९९२मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि १९९७मध्ये टकलासाठी मंजूर झाले.

पण या अभ्यासाने दिलेला सर्वांत मोठा धडा औषधाचा नाही. १९७९मध्ये याच गटाने नोंदवले की, निःसंशय मुली म्हणून वाढवलेल्या १८ जणांपैकी १७ जणांनी पुढे स्वतःला पुरुष मानले. तान्हेपणीच शस्त्रक्रिया करून त्यांना कायमचे ‘मुलगी’ ठरवले असते, तर? मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१९च्या निकालानंतर तमिळनाडूने जिवावरचा प्रसंग वगळता बालकांवरील अशा शस्त्रक्रियांना बंदी घातली. महाराष्ट्रातही हा नियम व्हायला हवा.

जननेंद्रिये संदिग्ध असलेले बाळ जन्मले, तर तपासण्या तातडीने कराव्यात. कारण अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात विकारात शरीरातले मीठ झपाट्याने कमी होऊन पहिल्या काही आठवड्यांतच जीव जाऊ शकतो. तो धोका नसेल, तर शस्त्रक्रियेची घाई करू नये. आपण कोण आहोत, हे सांगण्याइतके मूल मोठे होऊ द्यावे.