सावलीतली भुई

स्वतंत्र घर बांधणाऱ्याच्या वाट्याला एक पोरका तुकडा हटकून येतो. उत्तरेची भिंत आणि कुंपण यांच्या मधली ती चार-पाच हात रुंदीची पट्टी! आमच्या पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेवढेच काय ते ऊन तिच्या नशिबी. पावसाळ्यात पागोळ्या माती उकरतात, भिंतीवर चिखल उडतो आणि घरात ठराव मांडला जातो, 'शहाबादी फरशी घाला!'

आमच्या घरी या ठरावाला विरोध करणारा मी एकटा. फरशीने चिखल जाईल. पण पाणी जिरणेही थांबेल आणि वैशाखातला भिंतीपाशचा गारवा जाईल. "मग लावा तुमची हिरवळ!" सौ. म्हणाली. पण दूर्वांना भरपूर ऊन लागते. सावलीत त्या विरळ होत जातात. सावलीला सावलीत रमणारेच सोबती हवेत.

पहिला मान कारिवण्याचा. आपल्याकडे यालाच सर्रास ब्राह्मी म्हणतात. खरे म्हणजे ही मंडूकपर्णी; बारीक, मांसल पानांची नीरब्राह्मी निराळी. कानडीत हिलाच 'ओंदेलग' म्हणजे 'एकपानी' म्हणतात आणि तिची ताकातली तंबळी करतात. भाषेच्या मास्तराला याहून मोठी मेजवानी कोणती? कारिवण्याचे तंतू जमिनीवर धावतात आणि पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडतात. माती धरून राहते ती त्यामुळेच.

दुसरी पिंपळी. पाने विड्याच्या पानासारखी. सुंठ आणि मिरी यांच्या जोडीने त्रिकटूत बसते ती हीच. तिसरा नेचा, तो कोपऱ्यातल्या ओलीत उभा राहतो.

लागवड पावसाच्या तोंडावर करावी. भिंतीलगत वीतभर जागा खडीची सोडावी, जमिनीला उतार कुंपणाकडे द्यावा, पागोळ्या पडतात तेथे गोटे मांडावेत. दोन भाग मातीत एक भाग शेणखत मिसळून वीत-वीत अंतरावर कांड्या लावाव्यात. पहिले काही महिने तण हाताने उपटावे आणि उन्हाळ्यात ओल तुटू देऊ नये.

एक इशारा मात्र देतो. पिवळ्या फुलांची वेडेलिया झपाट्याने पसरते म्हणून पुष्कळजण लावतात. मूळची ही उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. जगातल्या 100 अत्यंत उपद्रवी परकीय जीवजातींच्या यादीत तिचे नाव आहे. कुंपण तिला ठाऊक नाही. ओढ्याकाठी पोचली की तिथल्या गवताला ती जागाच ठेवत नाही. मनीप्लांटही जमिनीवर छान पसरतो, पण त्याचे पान चावले तर तोंडाची आग होते. रांगते मूल असेल तेथे तो नको.

आता आमच्या भिंतीवर शिंतोडे नाहीत आणि पाऊस पडला तासाभरात मुरतो. वाचकहो, शेजारी कारिवणा असेल तर मूठभर कांड्या मागून आणा. विकत आणलेल्या रोपापेक्षा मागून आणलेले चांगले जगते, असे आमची आई म्हणे; आणि त्या निमित्ताने शेजाऱ्याशी चार शब्द बोलणे होते, तेही काही थोडे नाही.