कलाशाळेत ध्वनीचे शिक्षण

कलाशाळा म्हटली की रंग, माती, कागद आणि कॅनव्हास डोळ्यांसमोर येतात. तेथे कानांनाही काही काम असेल, अशी सर्वसाधारण समजूत नसते. संगीत शिकावयाचे ते गुरूकडे किंवा गायनशाळेत, आणि चित्र शिकावयाचे ते चित्रशाळेत, ही वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र जगातील काही कलाशाळांनी ही भिंत पाडली. ध्वनी हे रंगासारखेच एक द्रव्य आहे, ते कापता येते, जोडता येते, ताणता येते, आणि त्यासाठी विद्यार्थी गाणारा किंवा वाजविणारा असलाच पाहिजे असे नाही, हा विचार तेथे रुजला. या प्रयोगाचे एक महत्त्वाचे पर्व १९६९ मध्ये भारतात, अहमदाबादेत घडले. ते जवळजवळ अर्धे शतक विस्मरणात राहिले, आणि ही विस्मृतीही त्या पर्वाइतकीच बोधक आहे.

गायनशाळेहून वेगळी वाट

गायनशाळेत विद्यार्थ्याला प्रथम षड्ज मिळतो. राग, ताल, बंदिश आणि घराण्याची शिस्त ही सारी सामग्री परंपरेने सिद्ध केलेली असते. ती आत्मसात करणे हेच शिक्षण. कलाशाळेतील ध्वनीचा विद्यार्थी याच्या उलट टोकापासून सुरुवात करतो. दार करकरते, रेल्वेचे डबे रुळांच्या सांध्यांवरून खडखडत जातात, पाणी तापत असताना सळसळते. यांतील कोणत्या आवाजाला आकार आहे, कोणत्याला पोत आहे, कोणता दुसऱ्याला झाकून टाकतो, हे त्याने आधी ऐकावयाचे असते. कॅनडातील संगीतकार मरे शेफर यांनी व्हँकुव्हरजवळील सायमन फ्रेझर विद्यापीठात परिसरातील आवाजांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हा ते विद्यार्थ्यांना कान स्वच्छ करण्याचे पाठ देत असत. शहरात वाढलेल्या माणसाच्या कानाला न ऐकण्याची सवय जडते. ती मोडणे हा या शिक्षणाचा पहिला धडा होय.

या विचाराला तांत्रिक आधार मिळाला तो ध्वनिमुद्रणामुळे. पॅरिसच्या रेडिओमध्ये काम करणारे अभियंता पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये रेल्वेच्या मुद्रित आवाजांची एक रचना तयार केली. पुढे जर्मनीत कोलोन येथील रेडिओ केंद्रात १९५१ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. ही दोन्ही कामे रेडिओची होती, शाळेची नव्हेत. शाळांमध्ये हे वारे शिरले ते साठच्या दशकात. इंग्लंडमधील इप्सविच येथील कलाशाळेत रॉय अ‍ॅस्कॉट या कलाशिक्षकाच्या हाताखाली शिकलेला ब्रायन ईनो हा तरुण टेपरेकॉर्डरलाच आपले वाद्य मानू लागला आणि पुढे जगप्रसिद्ध संगीतकार झाला. अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्‌समध्ये चित्र, नाट्य, नृत्य आणि चित्रपट यांच्या शेजारीच इलेक्ट्रॉनिक संगीताला जागा मिळाली.

न्यूयॉर्कमधील देवाणघेवाण

अहमदाबादच्या प्रयोगाचे बीज मात्र १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे पडले होते. अहमदाबादच्या साराभाई कुटुंबातील गीता साराभाई या पखवाजाचे शिक्षण घेतलेल्या कलावती होत्या. त्या काळी स्त्रियांनी पखवाज वाजविणे अपूर्वच होते. पाश्चात्त्य संगीताचा भारतीय संगीतावर कोणता परिणाम होत आहे याची त्यांना चिंता वाटे. ज्याचा परिणाम होतो आहे, ते संगीत मुळातून समजून घ्यावे, म्हणून त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांची गाठ जॉन केज या नवविचारी संगीतकाराशी पडली. केज यांनी त्यांना समकालीन पाश्चात्त्य संगीत शिकवावे आणि त्यांनी केज यांना भारतीय संगीताचे तत्त्व सांगावे, असा करार ठरला. पैशाचा प्रश्न आला नाही.

संगीत कशासाठी, या केज यांच्या प्रश्नाला गीताबाईंनी आपल्या गुरूंचे उत्तर ऐकविले. मन शांत व्हावे आणि दैवी प्रभाव ग्रहण करण्यास ते सिद्ध व्हावे, असा त्याचा आशय होता. केज यांनी तो आयुष्यभर जपला. त्याच सुमारास रचलेल्या आपल्या पियानोवादनाच्या एका मालिकेसाठी त्यांनी भारतीय रसविचाराचा आधार घेतला. १९५२ मध्ये त्यांनी एक रचना सादर करविली. तीत वादक चार मिनिटे तेहेतीस सेकंद काहीही न वाजविता पियानोसमोर बसतो आणि श्रोते सभागृहातील आवाज ऐकतात. पुष्कळांना ती थट्टा वाटली, आणि आजही वाटते. परंतु ऐकणे ही स्वतःच एक कृती आहे, हे इतक्या सोप्या साधनाने दुसऱ्या कोणी क्वचितच दाखविले असेल. त्या दिवशी पियानोसमोर बसलेले वादक डेव्हिड ट्यूडर हेच सतरा वर्षांनी अहमदाबादेस येणार होते.

साबरमतीच्या काठी

चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. तिच्या घडणीत गीताबाईंची भावंडे गौतम आणि गिरा साराभाई यांचा मोठा वाटा होता. लाकूड, कापड, अक्षर, छायाचित्र, चित्रपट या सर्वांचे शिक्षण एकाच छपराखाली द्यावयाचे, तर ध्वनी का वगळावा, असा प्रश्न तेथे निर्माण होणे स्वाभाविक होते. १९६९ च्या शरद ऋतूत ट्यूडर यांनी तेथे मूग सिंथेसायझर उभारून दिला आणि स्टुडिओ सुरू झाला.

त्या काळचा मूग म्हणजे पियानोसारखी पेटी नव्हे. टेलिफोन केंद्राच्या फळीसारखे ते एक कपाट असे. तारांचे जुडगे या भोकातून त्या भोकात खोवल्याशिवाय त्यातून आवाज निघत नसे. आंदोलक, अर्थात ऑसिलेटर, विद्युत्‌दाबाच्या आज्ञेने स्वर उत्पन्न करतो. दाब एका व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एका सप्तकाने चढतो. आंदोलकातून निघणारी करवतीच्या दात्यांसारखी लहर उपस्वरांनी गच्च भरलेली असते. पुढील भाग, म्हणजे फिल्टर, त्यांतील वरचे उपस्वर खरवडून काढतो. आवाज किती वेगाने उमटावा, किती वेळ टिकावा आणि कसा विरावा, हे आणखी एक साधन ठरविते. शिल्पकार दगड फोडून मूर्ती काढतो, तसे हे काम असते. जे नको ते काढून टाकावयाचे.

त्याच्या जोडीला टेप. सेकंदाला पंधरा इंच या वेगाने धावणाऱ्या फितीवर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंचांची पट्टी. ती पट्टीने मोजता येते, पात्याने तिरकी कापता येते आणि चिकटपट्टीने दुसरीला जोडता येते. फीत उलटी फिरविली तर स्वर विरण्याऐवजी फुगत येऊन तुटतो. निम्म्या वेगाने फिरविली तर तो सप्तकाने खाली येतो आणि दुपटीने लांबतो. काळ हाताने मोजण्याजोगा होतो, ही गोष्ट डिझाइनच्या विद्यार्थ्याला गवयापेक्षाही लवकर उमजत असावी.

या स्टुडिओत काम करणाऱ्यांमध्ये स्वतः गीता साराभाई होत्या, शास्त्रीय संगीताची तालीम असलेले अतुल देसाई होते, आणि आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा होते. जपानमधील ओसाका येथे १९७० मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी देसाई यांनी केलेले ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. जोशीपुरा यांच्या रचनेचे नाव ‘स्पेस लाइनर २००१’, तर माथूर यांच्या एका रचनेच्या नावाचा अर्थ ‘एकदा मी तंबोरा वाजविला’ असा होतो. चंद्रावर माणूस उतरला त्याच वर्षी उघडलेल्या स्टुडिओत अंतराळ आणि तंबोरा शेजारी शेजारी नांदत होते, यात नवल नाही.

मिरजेची जवारी

तंबोऱ्याची ही आठवण अस्थानी नव्हती. उपस्वर घडविण्याची विद्या भारताला परदेशातून शिकावी लागलेली नाही. मिरजेच्या तंबोऱ्यात पंढरपूर परिसरातील भोपळा वापरतात. परंतु त्याचा खरा प्राण घोडीवरील जवारीत असतो. घोडीचा पृष्ठभाग किंचित गोलसर घासलेला असतो आणि तारेखाली सुताचा एक धागा सरकविलेला असतो. कंप पावणारी तार त्या पृष्ठभागाला निसटता स्पर्श करीत राहते आणि त्यातून उपस्वरांचा झोत उठतो. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असेल, ते उपस्वर सर्वमान्य नियमानुसार ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात, याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये लक्ष वेधले होते. अहमदाबादेत फिल्टरची कळ फिरवून जे साधत, ते मिरजेचा कारागीर कानस आणि धागा यांनी साधतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ध्वनीच्या आधुनिक अभ्यासक्रमात अशा कारागिराच्या दुकानातील एखादा आठवडा आवश्यक मानला जावा, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

पुण्याचा अनुभव

अहमदाबादचा स्टुडिओ फार काळ चालला नाही. त्याच्या उपलब्ध रचना १९६९ ते १९७२ एवढ्याच वर्षांच्या आहेत. यंत्र होते, उत्साह होता, गुणी माणसे होती. परंतु वर्षानुवर्षे नवे विद्यार्थी घेणारा आणि त्यांना घडविणारा कायम अभ्यासक्रम त्याभोवती उभा राहिला नाही.

याच्या तुलनेत पुण्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ‘प्रभात’च्या जुन्या स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये चित्रपट संस्था सुरू झाली आणि तेथे ध्वनीला दिग्दर्शन, छायाचित्रण व संकलन यांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. हे शिक्षण चित्रपटाच्या गरजेला बांधलेले होते, आणि तेच त्याचे बळ ठरले. मायक्रोफोन कोठे धरावा, पावलांचा आवाज स्टुडिओत पुन्हा कसा निर्माण करावा, संवाद, संगीत आणि भोवतालचे आवाज यांचे प्रमाण कसे राखावे, हे प्रत्यक्ष कामातून शिकता येई. पंडित रविशंकर यांचे शिष्य आणि ‘घाशीराम कोतवाल’ या १९७२ च्या नाटकाचे संगीतकार भास्कर चंदावरकर यांनी तेथे १९६५ ते १९८० या काळात संगीत शिकविले. वाद्य न वाजविणाऱ्या छायाचित्रकाराला आणि संकलकालाही संगीत ऐकता आले पाहिजे, ही भूमिका अशा अध्यापनामागे असते. याच संस्थेतून १९९५ मध्ये बाहेर पडलेले रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर पारितोषिक विभागून मिळाले. ते यश एका व्यक्तीचे असले, तरी त्यामागे पस्तीस वर्षे अखंड चाललेला वर्ग होता.

सापडलेल्या फिती

अहमदाबादच्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटनमधील कलावंत व संगीतकार पॉल पर्गस यांना त्या अलीकडे तेथे आढळल्या. त्यांवर २०२० मध्ये बीबीसी रेडिओवर माहितीपट झाला आणि २०२३ मध्ये निवडक रचना ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या. तोपर्यंत भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास पुष्कळ नंतरपासून सांगितला जात असे. फिती रद्दीत गेल्या असत्या, तर तो तसाच सांगितला गेला असता.

हा प्रश्न एका संस्थेपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रातील गावोगावच्या भजनी मंडळांकडे, शाहिरांच्या घरी, शाळांच्या व नाट्यसंस्थांच्या कपाटांत सत्तर-ऐंशीच्या दशकांतील स्पूल व कॅसेटी आजही आहेत. फितीचे आयुष्य मर्यादित असते. गुंडाळलेल्या फितीचे थर एकमेकांवर आपली चुंबकीय छाप उमटवितात, आणि मग गाणे सुरू होण्याआधीच त्याचा पुसट प्रतिध्वनी ऐकू येतो. जुन्या अ‍ॅसिटेट फितीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला की तिचे विघटन सुरू झाले असे समजावे. फीत चिकट लागत असेल तर ती वाजवून पाहू नये. यंत्राला घासून तिच्यावरील लेप निघतो आणि त्याबरोबर आवाजही जातो. अशी फीत जाणकार प्रयोगशाळेकडेच द्यावी.

फिती उभ्या ठेवाव्यात, ऊन, दमट भिंत, लाउडस्पीकर आणि चुंबक यांपासून दूर. संगणकावर प्रत करताना २४ बिट व किमान ४८ किलोहर्ट्‌झ या प्रमाणात वेव्ह प्रकारची फाइल करावी. एमपी-३ ही प्रत ऐकण्यापुरती ठीक आहे, जतनासाठी नाही. गायक, वादक, स्थळ आणि तारीख यांची नोंद डबीवर पेन्सिलीने करावी व तीच संगणकातही करावी. कॅसेटच्या मागील कडेवरील दोन लहान पट्ट्या मोडून टाकल्या म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही मुद्रित होत नाही.