भीती भुताची नव्हे, माणसाची

भुताखेतांवर आपला विश्वास नाही, मग भुताच्या गोष्टी घरात कशाला? जठारपेठेत एखाद्या मुलाने वाचनालयातून भयकथेचे पुस्तक आणले की आईवडील हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. करणी, भानामती, अंगात येणे यांपायी गरिबांचे किती संसार धुळीला मिळाले, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. तरीही आमचे म्हणणे असे की, पुस्तक हिसकावण्याआधी लेखकाचे नाव बघावे. ते रत्नाकर मतकरी असेल, तर या माणसाची ओळख करून घ्यावी.

मतकरींचा जन्म 17 नोव्हेंबर 1938 चा, मुंबईचा. विद्यार्थिदशेतच, 1955 साली, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवर झाली. अर्थशास्त्रात पदवी घेऊन त्यांनी 20 वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केली. दिवसभर आकडेमोड आणि उरलेल्या वेळात लेखन! आम्हा कारकुनी करणाऱ्यांना या कष्टाचे मोल कळते. 1978 साली त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखणीला वाहून घेतले.

'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'निजधाम', 'कबंध' अशा संग्रहांनी त्यांना घरोघरी वाचक मिळवून दिले. त्यांच्याच काळातले नारायण धारप अघोरी शक्ती उभ्या करीत आणि त्यांना हरवायला समर्थ नावाचा नायक धाडीत. मतकरींच्या कथेत बहुधा असा तारणहार नसतो. साधे घर, साधी माणसे. आणि त्यांच्याच मनातला लोभ, संशय, एकटेपणा हळूहळू भयाचे रूप घेतो.

मुलांसाठी त्यांनी 1962 पासून बालनाट्याची चळवळ चालविली. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण प्रथम दिलीप प्रभावळकरांनी रंगविली. 2018 साली नाटक पुन्हा आले तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले. चेटकीण ठरवून खेड्यापाड्यांत बायांना मारहाण होते. इथे त्याच चेटकिणीला मुले खळखळून हसतात. मनातली भीती घालवायचा हाही एक मार्गच आहे.

पण आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे ते 'लोककथा 78' हे नाटक. खेड्यातल्या दलितांवर होणारा अत्याचार हा त्याचा विषय. भरजरी नेपथ्य नाही, भूत तर नाहीच. गावातला सत्ताधीश, त्याची दहशत आणि तोंडाला कुलूप लावून बसलेली माणसे, एवढे पाहूनच अंगावर काटा येतो.

पुढे 'इन्व्हेस्टमेंट' हा चित्रपट त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर दिग्दर्शित केला. मुलाच्या हातून घडलेला गुन्हा त्याचे सुशिक्षित आईवडील झाकून टाकतात, अशी ती कथा. 2012 सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. 2018 साली साहित्य अकादमीने बालसाहित्यासाठी त्यांचा गौरव केला.

मानसन्मान मिळूनही ते वस्तीपासून दूर गेले नाहीत. 2014 साली ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा राहिला, त्यामागे मतकरी होते. झोपडपट्टीतल्या मुलामुलींनी आपले जगणे आपणच लिहायचे आणि आपणच रंगमंचावर मांडायचे, ही त्यामागची कल्पना. मे 2020 मध्ये कोरोनाने मतकरींना नेले. वय 81 होते.

तेव्हा पालकहो, मुलाच्या हातात मतकरींचे पुस्तक दिसले तर रागावू नका. वाचून झाले की जेवताना त्याला एवढेच विचारा : यात भीती नेमकी कुणाची वाटली? आणि भूत खरे मानून तो रात्री अंगणात जायला भिऊ लागला, तर त्याचा हात धरून एकदा अंगणात जाऊन या. गोष्ट गोष्टच असते, हे त्याला तिथेच कळेल.