मधुमेहाचा हिशेब रोजचा, ताळेबंद तिमाहीचा

हैदराबादचा बेगम बाजार ही सुकामेवा, मसाले आणि भांड्यांची जुनी घाऊक पेठ. अशा पेठेत सकाळी गादीवर बसलेला दुकानदार रात्रीच उठतो. गिऱ्हाइकाबरोबर वारंवार चहा होतो, जेवणाची वेळ टळते आणि चालणे जवळजवळ घडतच नाही. मधुमेहींना अडचणीत आणणारी दिनचर्या हीच. ती एका शहरापुरती नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले.

या आजारात निर्धार हवा, असे सारेच सांगतात. मात्र चार दिवस कडक पथ्य पाळायचे आणि साखर उतरताच गोळ्या सोडायच्या, याला निर्धार म्हणता येत नाही. बोटाला सुई टोचून मिळणारा आकडा म्हणजे त्या क्षणाचा गल्ला. 'एचबीए१सी' चाचणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तो ताळेबंद. एका दिवसाच्या विक्रीवरून कोणताही व्यापारी नफा ठरवत नाही. रुग्णानेही एका आकड्यावरून औषध ठरवू नये.

रोजच्या जमेची पहिली बाजू म्हणजे हालचाल. स्नायू काम करू लागले की रक्तातील साखर इन्सुलिनच्या फारशा मदतीविनाही शोषून घेतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे आणि दीर्घ बैठक मधूनमधून मोडणे उपयोगी ठरते.

दुसरी बाजू ताटाची. बेगम बाजारातील सुकामेवा पौष्टिक खरा; पण खजूर आणि मनुका यांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. बदाम, अक्रोड मूठभर चालतात. साखरेऐवजी गूळ घेतल्याने हिशेब बदलत नाही. हैदराबादेतीलच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपर्यंत सीमित ठेवण्यास सांगितले आहे. गोव्यात याचा अर्थ शीतकडी सोडणे असा नाही. शीत कमी आणि मासळी, कडधान्ये, भाजी जास्त, असा आहे.

जीवनशैलीच्या बळावर काय साधते, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'डायरेक्ट' प्रयोगाने दाखवले. वैद्यकीय देखरेखीखाली वजन घटवणाऱ्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षअखेर औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. मात्र या रुग्णांना मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटला नव्हता आणि ते इन्सुलिनवर नव्हते. आजार जुना झाला की स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची क्षमता घटत जाते. अशा वेळी गोळी वाढली किंवा इन्सुलिन सुरू झाले, तर तो रुग्णाच्या निर्धाराचा पराभव नसतो.

इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी उपवास वा अधिक व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. घाम, थरथर, गोंधळलेपण ही साखर धोकादायकरीत्या उतरल्याची लक्षणे असू शकतात. त्या वेळी तातडीने साखर घेणे हेच पथ्य होय. तळपायांची रोज पाहणी करावी. डोळे आणि मूत्रपिंड यांची तपासणी दरवर्षी करावी. वेळेवर घेतलेली गोळी आणि जेवणानंतरची फेरी यांची नोंद वहीत पडत राहिली, तर तिमाहीचा ताळेबंद सहसा रुग्णाच्या बाजूने झुकतो.