परमुलखात जामीनदार कोण?

समजा, अमळनेर तालुक्यातला एक तरुण सुरतेला यंत्रमागावर कामाला आहे. खानदेशात हे कुणालाच नवल नाही. उधना, लिंबायत, दिंडोलीच्या गल्ल्यांतून कानावर इतकी अहिराणी पडते की आपण धुळ्यातच आहोत असं वाटावं. एका रात्री कारखान्यात हाणामारी होते आणि पोलीस चौघांना उचलतात. काही दिवसांनी न्यायालय जामीन मंजूर करतं: पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःच्या हमीचं बंधपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. घरी फोन जातो, ‘जामीन झाला.’ आई देवापुढे साखर ठेवते. तरीही तो तरुण सुरतेजवळच्या लाजपोरच्या कारागृहातच असतो. एक आठवडा जातो, दुसरा जातो.

जामीन मंजूर होणं वेगळं आणि जामिनावर सुटणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये एक माणूस उभा राहावा लागतो. तो न्यायालयात येऊन सांगतो की, याला मी ओळखतो, तारखेला हा हजर राहील, नाही राहिला तर एवढी रक्कम माझ्याकडून वसूल करा. सही करताना त्याला ती रक्कम भरावी लागत नाही. सरकारजवळ भिंती, कुलपं, पोलीस सगळं असतं आणि तरी एका साध्या शेतकऱ्याच्या शब्दावर ते कुलूप काढतं. कायद्याच्या सगळ्या यंत्रणेत इतकी विलक्षण गोष्ट मला दुसरी दिसत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत अशी हमी देणं हा धंदा आहे. जामिनाच्या साधारण दहा टक्के रक्कम घेऊन दलाल हमी देतो. आपल्याकडे हमी येते ती नात्यातून, गावकीतून, शेजारातून. मराठेशाहीच्या कागदपत्रांतही माणसाला हजर करण्याची जबाबदारी घेणारा ‘हाजीरजामीन’ भेटतो, इतकी ही रीत जुनी.

म्हणजे तुरुंगाचं दार ओळखीनं उघडतं. पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाकडे हात असतात, हुन्नर असतो. नसते ती ओळखच. तिथे त्याला ओळखणारे लोक त्याच्यासारखेच भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्या नावावर जमीन नाही, घर नाही. ज्यांच्या नावावर आहे ते गावी असतात.

मग भुसावळ-सुरत मार्गावर मोठा भाऊ गाडीत बसतो. पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, छायाचित्रं आणि जमलंच तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. नंदुरबार मागे पडतं, मग नवापूर येतं. या स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आहे आणि दुसरा गुजरातेत. राज्य बदलतं, पण सुरतेच्या न्यायालयातल्या कारकुनाला सातबारा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि जळगाव एकाच मुंबई राज्यात होते, त्यामुळे गुजरातेतही जमिनीच्या उताऱ्याला आजतागायत सातबाराच म्हणतात. कागदावरची लिपी बदलते, रकाने ओळखीचे असतात. तरी खिडकीवर एक प्रश्न वाट पाहत असतोच: ‘स्थानिक जामीनदार नाही का?’

हा प्रश्न पूर्वी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता. रक्कम आणि तपशील ठरवणं खालच्या न्यायदंडाधिकाऱ्यांवर सोपवलं होतं. त्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. मोतीरामचा भाऊ पुढे आला, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारण्यात आलं. गवंडी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट १९७८ मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. न्यायमूर्ती स्वतः केरळचे. त्यांनी विचारलं की, एखादा मल्याळी, कन्नड, तमिळ किंवा तेलुगू माणूस बस्तरमध्ये, पोर्ट ब्लेअरला, पहलगामला किंवा चांदणी चौकात पकडला गेला, तर त्याने तिथे जमीनजुमला असलेला जामीनदार कुठून आणायचा? अशा अटींनी देशाची एकी तुटते, असं त्यांनी स्पष्ट बजावलं आणि त्या गवंड्याला एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. जामिनाची रक्कम हा रोजंदारीवरच्या एका माणसाचा प्रश्न होता. न्यायालयाला त्यात भारताचा नकाशा दिसला.

कायद्याचं पुस्तक उघडलं तर नवल आणखी वाढतं. जामीनदार त्याच जिल्ह्याचा हवा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८४ प्रमाणे जामिनाची रक्कम अवाजवी असता कामा नये. कलम ४८५ प्रमाणे जामीनदाराच्या ऐपतीबद्दल न्यायालय त्याचं शपथपत्र स्वीकारू शकतं. आपण आधी किती जणांना जामीन राहिलो आहोत, हे जामीनदाराने कलम ४८६ खाली जाहीर करायचं. आणि कलम ४९० मध्ये एक खिडकी ठेवलेली आहे: जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याची परवानगी न्यायालय देऊ शकतं. म्हणून दूरच्या प्रकरणांत जाणते वकील आधी तात्पुरता रोख जामीन मागतात. माणूस बाहेर येतो आणि जामीनदार गोळा करायला काही आठवड्यांची सवड मिळते.

तरीही जामीन मंजूर झालेले लोक आत राहतच होते. म्हणून ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूचनांची एक साखळीच बांधून दिली. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जावी आणि कैद्याला मिळावी. सात दिवसांत तो सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. सचिवांनी माणूस पाठवून अडचण काय आहे ती विचारावी आणि घरच्या परिस्थितीचा अहवाल न्यायालयापुढे ठेवावा. बाहेर आल्यावरच जामीनदार आणता येईल असं कैदी म्हणत असेल, तर त्याला ठरावीक मुदतीसाठी तात्पुरतं सोडण्याचा विचार व्हावा. महिना उलटला तर न्यायालयाने आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा. शेवटची सूचना स्थानिक जामीनदाराबद्दल आहे: सुटका लांबण्याचं ते एक कारण आहे, म्हणून अशा प्रकरणांत ती अट घालू नये.

आता हाच आरसा आपल्याकडे फिरवू. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशचे ट्रकचालक रात्रंदिवस या चौफुलीवरून जातात. भुसावळ जंक्शनवर देशाच्या चारही दिशांची माणसं उतरतात. इथे अपघात झाला, चोरीचा आळ आला, तर धुळ्याच्या किंवा जळगावच्या कारागृहात परका होऊन बसतो तो त्यांच्यातला कुणी. निष्काळजीपणे वाहन चालवल्याने मृत्यू झाल्याचा साधा गुन्हा जामीनपात्र आहे. तिथे जामीन हा हक्क असतो आणि पोलीस ठाण्यातच सुटका होऊ शकते. अशा जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं गृहीत धरून त्याला जातमुचलक्यावर सोडावं, असं कायदाच सांगतो. सुरतेत आपल्या भावाला जे मिळावं असं वाटतं, ते धुळ्यात लुधियानाच्या चालकालाही मिळायला हवं.

कधी पोलीसच दुरून येतात. बँक खात्यात फसवणुकीचे पैसे आले म्हणून दुसऱ्या राज्याचं पथक चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या घरासमोर उभं राहतं. संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. वॉरंटवर जिल्ह्याबाहेर अटक झाली आणि वॉरंट काढणारं न्यायालय ३० किलोमीटरच्या आत नसलं, तर आधी जवळच्या अधिकाऱ्यांपुढे किंवा दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याचा नियम आहे. म्हणजे परमुलखाच्या वाटेवर पहिला थांबा आपल्याच भागात पडतो आणि तिथे वकील उभा करता येतो. त्याहून मोठी वाट २० नोव्हेंबर २०२३ च्या प्रिया इंदोरिया खटल्याच्या निकालाने दाखवली: गुन्हा दुसऱ्या राज्यात नोंदलेला असला, तरी रास्त कारण असल्यास आपल्या भागातलं सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन देऊ शकतं. खानदेशासाठी ते उच्च न्यायालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. तेवढ्या मुदतीत योग्य न्यायालयापर्यंत पोहोचता येतं.

हे सगळं घरच्यांना कळण्याआधीच माणूस हरवलेला असतो. १९९६ च्या डी. के. बसू निकालात यासाठीही नियम आहे: नातेवाईक जिल्ह्याबाहेर राहत असतील, तर तिथल्या विधी साहाय्य संस्थेमार्फत आणि पोलीस ठाण्यामार्फत ८ ते १२ तासांत तारेने कळवावं. २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, कळवण्याचं कर्तव्य मात्र उरलंच आहे. फोन आल्यावर घरच्यांनी सगळ्यात आधी चार गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा क्रमांक, लावलेली कलमं आणि कुठल्या न्यायालयात हजर करणार. मग १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक लावावा. कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. सुरतेच्या प्राधिकरणाला अमळनेरचा माणूस परका नाही. जामिनाची रक्कमच झेपत नसेल, तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेतून काही गंभीर गुन्हे वगळता गरीब कच्च्या कैद्याला आर्थिक मदत मिळू शकते. जिल्हा प्रशासन, पोलीस, विधी सेवा प्राधिकरण आदींच्या प्रतिनिधींची समिती त्यावर विचार करते.

देशात कुठेही जावं, राहावं, काम करावं, हे स्वातंत्र्य अनुच्छेद १९ ने आपल्याला दिलं. खानदेशातल्या लाखो माणसांनी त्यावर विश्वास ठेवून गाव सोडलं. त्या स्वातंत्र्याची खरी परीक्षा सगळं सुरळीत असताना होत नाही. माणूस अडकतो तेव्हा ती होते. गावातल्या भावाची सही दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात तितक्याच वजनाची ठरली, तर तिथवर गेलेला माणूस परदेशात नव्हता, स्वतःच्याच देशात होता, हे सिद्ध होतं. एका गवंड्याने १९७८ मध्ये हे आपल्या सगळ्यांसाठी मिळवून ठेवलं आहे. ते मागून घेणं आणि आपल्या दारात आलेल्या परक्याला देणं, एवढं आपल्या हातात आहे.