तारांचा सांधा का तापतो?

गेल्या थंडीतली गोष्ट. शेजारच्या घरी गीझर चालू केला की प्लॅस्टिक करपल्यासारखा वास येई. पाणी नीट तापत होते, एमसीबीही पडलेला नव्हता. मात्र बटणाच्या पाटीला हात लावल्यावर ती ऊन लागली! वायरमनने पेटी उघडली. आत दोन तारा एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. चिकटपट्टी सुटली होती आणि तांबे काळे पडले होते.

प्रवाह मर्यादेत असताना सांधा का करपावा?

याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हे जूल या शास्त्रज्ञाने 1841 साली दाखवून दिले. 2,000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेतो. समजा, सैल सांध्याचा रोध अवघा 0.2 ओहम आहे. 8.7 चा वर्ग सुमारे 76; त्याला 0.2 ने गुणले की 15 वॅट येतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा असतो, हे लक्षात घ्या; म्हणजे हरभऱ्याएवढ्या जागेत केवढी उष्णता झाली! त्याच सांध्यावर 75 वॅटचा पंखा चालवला तर दोन शतांश वॅटच उष्णता होईल. म्हणून असा सांधा वर्षानुवर्षे पंख्याला पुरतो आणि गीझर जोडताच करपतो.

एमसीबीला यातले काही कळत नाही. जादा प्रवाह तोडणे हे त्याचे काम. सैल सांध्याने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो.

पिळलेल्या तारा वरवर घट्ट दिसल्या तरी त्या थोड्याच बिंदूंवर एकमेकींना टेकतात. तापल्या की प्रसरण पावतात, निवल्या की आकसतात. पकड ढिली होते, तांब्यावर ऑक्साइड चढते, रोध वाढतो आणि सांधा आणखी तापतो. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आढळतात. त्या तांब्याच्या तारेला नुसत्या पिळून जोडणे तर फारच वाईट, कारण दमट हवेत तेथे ॲल्युमिनियम झिजते.

एका पेटीत चार-पाच बटणे असली की फेजची तार पहिल्या बटणावरून दुसऱ्याकडे, तेथून तिसऱ्याकडे अशी फिरवतात. मग पहिल्या स्क्रूतून पुढच्या सगळ्यांचा प्रवाह जातो, आणि तोच ढिला असला तर? त्यापेक्षा सर्व फेज तारा एका कनेक्टरमध्ये आवळून प्रत्येक बटणाला स्वतंत्र आखूड तार देणे मला पसंत आहे. न्यूट्रलचा कनेक्टर वेगळा, अर्थिंगचा वेगळा. तारेचे आवरण कनेक्टरमध्ये जाईल तेवढेच सोलावे आणि आवळल्यावर प्रत्येक तार ओढून पाहावी. कनेक्टर तारांच्या जाडीला व संख्येला साजेसा हवा.

हे काम परवानाधारक वायरमनचेच. तुम्ही पेटी उघडू नका. मेन स्विच बंद केल्यावरही तो प्रत्येक तारेला टेस्टर लावून का पाहतो, ते त्याला विचारा. घरात इन्व्हर्टर असला तर मेन बंद असूनही काही तारांत वीज असते.

शेजाऱ्यांकडे त्याने काळी पडलेली तार लखलखीत तांबे दिसेपर्यंत कापली. तार आखूड पडली, म्हणून कनेक्टर लावून नवा तुकडा जोडला. अर्ध्या तासाने गीझर पुन्हा चालू झाला; पाटी गारच राहिली.