आधी हातावर, मग वाद्यावर

लय अंगातच असावी लागते, असं म्हणून पुष्कळ पालक मुलांची आणि स्वतःचीही सुटका करून घेतात. काहींना ती लवकर सापडते, हे खरंच. पण तबल्याच्या क्लासात जरा वेळ बसून पाहिलं, तर लय बरीचशी शिकवता येते हे कळतं. चांगला गुरू आधी पढंत करून घेतो: तोंडाने बोल, हाताने टाळी आणि काल.

त्रितालाच्या १६ मात्रा. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर काल. कच्चा विद्यार्थी हमखास कालापाशी घाई करतो. टाळीला आवाज असतो, तिथे तो सावध असतो; हात नुसता बाजूला गेला की मधली जागा तो खाऊन टाकतो. ठेक्यातही ‘तिं तिं ता’ आलं, डग्ग्याचा घुमारा थांबला, की लय पळते. माझ्या मते तालाची खरी परीक्षा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर नसून इथे आहे.

हात पक्का झाला की तोंड बदलायचं. हाताची लय तीच ठेवून बोल दुगुन, तिगुन, चौगुन म्हणायचे. मग आड, म्हणजे दोन मात्रांत तीन. गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हात, पाय आणि तोंड यांवर वेगवेगळ्या लयी एकाच वेळी चालवून दाखवत. तिथवर पोचणारे विरळाच, पण वाट हीच.

तिहाईचा हिशेबही असाच हातावर पक्का होतो. नवव्या मात्रेपासून ‘तिट कत धा’ तीनदा म्हणून पाहा, दर मात्रेला एक शब्द. पहिला ‘धा’ अकराव्या मात्रेवर, दुसरा चौदाव्यावर आणि तिसरा थेट समेवर पडतो. समेपासूनच निघायचं असेल तर पाच मात्रांचा तुकडा घेता येतो आणि मग दोन तुकड्यांमध्ये एकेक मात्रा सोडावी लागते: पाच, एक, पाच, एक, पाच, मिळून १७, सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम. ती सोडलेली मात्रा पुरी न देणारा समेच्या आधीच येऊन बसतो.

जलद वाजवणं त्या मानाने सोपं. माणसं गोत्यात येतात ती विलंबितात. ख्यालातल्या अतिविलंबित एकतालाचं १२ मात्रांचं आवर्तन मिनिटभरही चालतं. दोन ठोक्यांमधलं अंतर दोनेक सेकंदांच्या पुढे गेलं, की पुढचा ठोका अंदाजाने गाठणं माणसाला जड जातं. म्हणून मात्रेच्या पोटात बारीक मात्रा मोजायच्या. ठेक्यातल्या खुणाही मदतीला असतात. एकतालात ‘तिरकिट’ चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येतो. त्यानंतर ‘तू ना’ आलं तर अजून अर्धं आवर्तन बाकी. ‘धी ना’ आलं, की सम दारात.

सारख्या अंतराने ठोके देणाऱ्या मेट्रोनोम या यंत्राचं पेटंट मेल्झेलने १८१५मध्ये घेतलं. आता तोच ठोका मोबाइलवर फुकट मिळतो. वापरावा जरूर, पण त्याच्या कुबडीवर राहू नये. ठोके निम्मे करत न्यावेत. मधली जागा आपण भरायची. आपल्याकडचा लेहरा, म्हणजे आवर्तनभर फिरत राहणारी चाल, मला अधिक उपयोगी वाटतो, कारण चालीतूनच सम जवळ आल्याचं कळतं. आणखी एक गंमत: ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेकांचं बोट किंचित आधीच पडतं. सराव असलेल्या वादकांमध्ये हा फरक कमी असतो.

समूहात तर कानही दगा देतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ढोलताशा पथकाच्या पहिल्या आणि शेवटच्या रांगेत ३४ मीटर अंतर असेल, तर पुढचा ताशा मागे एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हा ठोक्याचा पाचवा हिस्सा झाला. ऐकून वाजवणारी मागची रांग त्यामुळे मागेच राहणार. तिने समोरच्या हातांकडे पाहून वाजवावं. उलट वारीच्या दिंडीत टाळकरी जवळजवळ उभे असतात आणि पावलीची लय सगळ्यांच्या पायांत असते. लहान मुलं तिथे न शिकवता ताल धरतात.

घरी करण्याजोगी एक तपासणी सांगतो. आपलं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करा आणि पहिलं आवर्तन व शेवटचं आवर्तन घड्याळ लावून मोजा. बहुतेकांचं शेवटचं लवकर संपतं. आणि मुलीला किंवा मुलाला क्लासला घातलं असेल, तर किती जलद वाजवता येतं हे विचारू नका. संथ त्रिताल पाच मिनिटं एका लयीत धरता येतो का, ते ऐका.